तेच तेच बोलणं: ऑटिझम असलेल्या मुलांचा इकोलेलिया थांबवायचा की ऐकायचा?

सुदामानगरची_मावशी

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या पालकगटात महिन्याभरात हा प्रश्न तीनदा आला, म्हणून धागा काढते आहे. (इकोलेलिया म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं.)

एक मुलगा चार वर्षांचा. "पाणी पाहिजे का?" विचारलं की तोही "पाणी पाहिजे का?" म्हणतो आणि पेला पुढे करतो. एक मुलगी सहा वर्षांची, दिवसभर रेल्वे स्टेशनवरची घोषणा म्हणते, सुरासकट, शेवटच्या "टिंग-टाँग"सकट. तिसऱ्या मुलाला आजीचं अख्खं स्तोत्र पाठ आहे, पण भूक लागली तर सांगता येत नाही, नुसता रडतो.

तिन्ही घरांना शाळेतून आणि शेजारून एकच सल्ला मिळाला: "असं बोलू देऊ नका, सवय लागेल." मला हे पटत नाही. या मुलांजवळ जी भाषा आहे ती हीच. ती काढून घेतली तर हातात काय उरणार? पण नुसतं "थांबवू नका" म्हणून आईचं भागत नाही. सकाळी साडेसातला डबा भरताना तिनं तोंडातून नेमके कोणते शब्द काढायचे, हे तिला हवं असतं. तेवढं लिहा.

वाचा_आणि_श्रवण

ताई, तुमच्या तीन उदाहरणांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मुलाचा तात्काळ इकोलेलिया: ऐकलेलं लगेच परत. मुलीचा उशिराचा: तासांनी, दिवसांनी, महिन्यांनी परत. तिसरं पाठांतर आहे. पाठांतराला स्मरण पुरतं. भूक लागल्याचं सांगायला स्वतःचं वाक्य जुळवावं लागतं. म्हणून "एवढं पाठ आहे, मग बोलत का नाही, हट्टी आहे" हा निष्कर्ष चुकीचा.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर जो पहिला लेख लिहिला त्यातच हे आहे. मूल "हो" म्हणत नाही, विचारलेला प्रश्नच परत म्हणतं आणि तोच त्याचा होकार असतो, असं त्यांनी नोंदवलं. तुमचा पेला पुढे करणारा मुलगा हेच करतो आहे. पुढे १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी अशा मुलांचं चित्रीकरण तपासून तात्काळ इकोलेलियाची सात कामं वेगळी केली. त्यांत मागणी आहे, होकार आहे, आपली पाळी भरून काढणं आहे, उत्तर देण्याआधी मनाशी घोकणं आहे, स्वतःला सांभाळणं आहे. काही बोलणं कशालाच उद्देशून नसतं, हेही त्यांनी मांडलं.

सुरुवात कानांपासून करा. "एवढं स्वच्छ परत म्हणतो, म्हणजे ऐकू येतंच" असं धरू नका. सर्दीनं मधल्या कानात पाणी साचलं की ऐकणं कमी-जास्त होत राहतं. ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते पाहणारी) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते पाहणारी) या तपासण्या थोड्या मिनिटांच्या आहेत. मूल बसत नसेल तर झोपेत बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी.

मग वही. आठवडाभर रोज दोन वेळा, वीस-वीस मिनिटं. किती वाजता, आधी काय घडलं, अक्षरशः कोणते शब्द, सूर आणि डोळे कुठे, नंतर काय झालं. सगळे इथे एकच चूक करतात: शब्दांऐवजी अर्थ लिहितात. "पाणी मागितलं" असं नको. "पाणी पाहिजे का, शेवटी आवाज वर, डोळे पेल्याकडे, पेला मिळाल्यावर गप्प" असं हवं. वस्तू मिळाल्यावर बोलणं थांबलं तर ती मागणी. मिळूनही चालूच राहिलं तर ती मागणी नव्हती. तीस-चाळीस नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते.

कान्हाकाठ

वाचतेय. "वही स्वतःच बोलायला लागते" हे फार आवडलं.

व्याकरणवेडा

एक मुद्दा इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. मराठीत इकोलेलिया लपतो.

"भूक लागली?" "भूक लागली." घरच्यांना वाटतं, उत्तर दिलं. इंग्रजीत प्रश्नाचा शब्दक्रमच वेगळा, तो परत आला की लगेच कळतं. आपल्याकडे फरक फक्त सुराचा, नाहीतर शेवटच्या "का"चा. शिवाय आपण "मी", "तू" गाळतो. त्यामुळे तीन-साडेतीन वर्षांपर्यंत "आमचा उत्तरं देतो" असं वाटत राहतं.

ओळखायच्या दोन युक्त्या. ज्याचं उत्तर नक्की "नाही" आहे असं विचारा: "कारलं पाहिजे?" मूल "कारलं पाहिजे" म्हणालं आणि वाटी ढकलली, तर तो प्रतिध्वनी. दुसरी: "पोहे की शेव?" विचारा, थोड्या वेळानं उलटं, "शेव की पोहे?" दोन्ही वेळा शेवटचाच शब्द परत आला तर निवड झालेलीच नाही, शेवटचं ऐकलेलं परत आलं आहे. मग तोंडी निवड बंद. दोन वाट्या समोर धरा, मूल ज्या वाटीला हात लावेल तिचं नाव तुम्ही घ्या.

आणि लिंगाचं. मुलगा "मी येते", "मी जेवते" म्हणतो. शाळेत पोरं हसतात, घरी आजोबा रागावतात. त्याला स्त्री-पुरुष कळत नाही असा याचा अर्थ नाही. त्यानं आईचं वाक्य जसंच्या तसं उचललं आहे. "येते नाही, येतो म्हण" असं सांगितलं तर पुष्कळदा "येते नाही येतो म्हण" हे अख्खं परत मिळतं! उपाय असा की त्या कामाचं वाक्य घरातल्या पुरुषाच्या तोंडून ऐकू यावं. बाबा, दादा, आजोबा, जो कोणी दाराशी चप्पल घालत असेल त्यानं रोज "मी येतो" म्हणून निघावं.

पोहे_जिलबी

कचरागाडीचं गाणं म्हणणारी मुलं तर इंदुरात प्रत्येक गल्लीत असतील. आमच्या गल्लीतलं एक पोरगं इतकं हुबेहूब म्हणतं की दोन घरच्या बायका बादल्या घेऊन बाहेर येतात 😊 यालाही उशिराचा इकोलेलिया म्हणायचं का? की गाणं आवडलं म्हणून म्हणतो एवढंच?

वाचा_आणि_श्रवण

दोन्ही असू शकतं, म्हणूनच वही. दाराजवळ उभं राहून म्हणत असेल तर "बाहेर जाऊ या" असेल, कारण गाडी आली की दार उघडतं. मिक्सर सुरू झाल्यावर म्हणत असेल तर "मोठा आवाज आला, त्रास होतोय" असेल. निजताना हळू म्हणत असेल तर ती त्याची स्वतःला शांत करायची रीत, तिथे काहीच करायचं नाही. एकाच तुकड्याचे तीन अर्थ, जागा आणि वेळ पाहून वेगळे होतात.

दाराशी म्हणाला तर गाणं थांबवू नका, गाण्याला उत्तर द्या: "बाहेर जाऊ या!" आणि खरंच दार उघडा. शब्द आणि दार एकाच क्षणी. दहा सेकंदांनी दार उघडलं तर जोड लागत नाही.

चिमणघर

ताईंच्या साडेसातच्या डब्याकडे येते. विशेष शिक्षिकेच्या नजरेतून लिहिते.

फोनवर दहा मिनिटं ध्वनिमुद्रण करा आणि नंतर फक्त स्वतःचे प्रश्न मोजा. "डबा भरू का? पोळी की पराठा? बाटली कुठाय? मोजा घातला का? हे काय केलंस?" प्रश्न हा प्रतिध्वनीचा सगळ्यात मोठा कारखाना. मुलाला उत्तर जुळवता येत नाही, पण बोलायची पाळी आपली आहे हे कळतं, मग जवळ जे आहे ते देतं, म्हणजे तुमचाच प्रश्न. तेव्हा प्रश्न कमी करा. एका प्रश्नामागे तीन साधी विधानं, एवढं प्रमाण पुष्कळ झालं.

आता शब्द. मूल जसंच्या तसं उचलणार हे धरून असं वाक्य बोला, जे त्याच्या तोंडी गेल्यावरही बरोबर ठरेल. इथे मराठी आपल्याला साथ देते. "जेवू या", "डबा भरू या", "चप्पल घालू या" ही रूपं आईच्या तोंडी बरोबर आणि मुलाच्याही. "तुला पाणी पाहिजे का?" मात्र त्याच्या तोंडी उलटं होतं. त्याऐवजी पेला दाखवून नुसतं "पाणी पाहिजे". प्रश्नाचा सूरही नको, कारण सूरही उचलला जातो.

म्हणजे साडेसातला: "डबा भरू या. पोळी. भाजी. झाकण लावू या. झालं!" प्रत्येक शब्द हाताच्या कृतीबरोबर. रोज तोच क्रम, तेच शब्द. दोन-तीन आठवड्यांनी "झाकण लावू…" इथे थांबा, झाकण हातात धरा, मनात दहा मोजा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांतच मदतीला धावतो, ही नेहमीची चूक. "या" एवढं जरी आलं तरी झाकण लगेच लावा.

"मी-तू"साठी दोन मोठी माणसं लागतात. आई समोर, बाबा मुलाच्या मागे. आई म्हणते, "कोणाला पाणी पाहिजे?" बाबा मागून, मुलाच्या कानाच्या उंचीवर, मुलाच्या वतीनं: "मला पाणी पाहिजे." मूल बाबांचं परत म्हणतं, तेव्हा ते बरोबर पडतं. समोरच्या माणसानंच दोन्ही भूमिका केल्या तर हमखास गोंधळ होतो. आणि ज्या घरात "सोनूला भूक लागली, सोनूला झोप आली" अशीच बोली आहे तिथे मुलानं स्वतःला सोनू म्हटलं तर दोष मुलाचा धरू नका, आपणच तसं शिकवलं आहे.

रामबाग_गल्ली_३

ताई, हे छापून फ्रिजवर लावायला पाठवून राहिलो आहे बहिणीकडे.

पायरीपायरीने

मी थोडा विरोधी सूर लावतो. वर्तन-उपचाराच्या बाजूनं.

"प्रत्येक प्रतिध्वनीला अर्थ असतो" असं आजकाल सर्रास सांगतात. वर दिलेल्या सात कामांतच "कशालाच उद्देशून नाही" हा प्रकार आहे, तो विसरू नये. आणि अर्थ घरच्यांना कळला तरी बाहेर काय? दुकानदार "पाणी पाहिजे का" ऐकून "नको" म्हणतो आणि तोंड फिरवतो. मुलाला सगळ्यांना कळेल असं बोलता येणं हा त्याचा हक्क आहे. नुसतं समजून घेत बसलं तर त्याचं नुकसान होतं.

तीन पद्धती मला खात्रीच्या वाटतात. पहिली १९७८ ची, श्राइबमन आणि कार यांची. मूल जे प्रश्न परत म्हणतं ते बहुतेक त्याला उत्तर न येणारे असतात. म्हणून "माहीत नाही" हे एक उत्तर शिकवायचं. आधी उत्तर येणाऱ्या प्रश्नांची यादी करा ("हे काय?" चेंडू दाखवून). मग मुद्दाम न येणारा प्रश्न विचारा, "पतंग कशाचा बनतो?", आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच हळू "माहीत नाही" म्हणा. मूल तेवढंच उचलतं. हळूहळू तुमचा आवाज बारीक, मग नुसते ओठ, मग काहीच नाही. येणारे आणि न येणारे प्रश्न मिसळून विचारा, नाहीतर मूल चेंडूलाही "माहीत नाही" म्हणायला लागतं. हे फार वेळा बिघडतं.

दुसरी बोटाची. चित्र तळव्याखाली झाका, दुसऱ्या हाताचं बोट उभं धरून "हे काय?" विचारा. बोट उभं असेपर्यंत दोघंही गप्प. एक-दोन सेकंदांनी तळवा उचला आणि तेच बोट चित्रावर टेकवा. सुरुवातीला चित्रं अशीच घ्या, ज्यांची नावं मुलाला आधीच येतात. इथे प्रश्नाच्या जागी उत्तर द्यायची सवय लावायची आहे, शब्द शिकवायचे नाहीत. आणि "शाब्बास" म्हणू नका, तेही परत येतं. चेंडू म्हटलं तर चेंडू हातात द्या.

तिसरी १९९३ ची, क्रांट्झ आणि मॅक्लॅनहन यांची. पुरं वाक्य चिठ्ठीवर लिहून किंवा दाबल्यावर बोलणाऱ्या बटणात ध्वनिमुद्रित करून द्यायचं आणि मग शेवटाकडून एकेक शब्द कापत न्यायचं. "दादा, चल खेळू या", "दादा, चल", "दादा", कोरी चिठ्ठी. सुरुवातीकडून कापलं तर मूल मध्येच अडकतं.

वाचा_आणि_श्रवण

पायरीपायरीने, "माहीत नाही" आणि चिठ्ठीशी पूर्ण सहमत. बोटाबद्दल एक काळजी आहे. घरी ती खूण फार लवकर "गप्प बस" होऊन बसते. मग आजी देवपूजा करताना बोट उभं करते, मावशी फोनवर असताना बोट उभं करते. ती टेबलाशी बसून पाच मिनिटांच्या कामापुरती ठेवा, आणि मूल घाबरलेलं किंवा थकलेलं असताना मुळीच नको.

आणि ध्येय लिहिताना एक शब्द बदला. "इकोलेलिया ५० टक्के कमी करणे" असं कागदावर आलं की सगळे मुलाला गप्प करायला लागतात. "दिवसात दहा वेळा स्वतःची मागणी सांगणे" असं लिहा. ते वाढलं की प्रतिध्वनी आपोआप मागे हटतो.

पायरीपायरीने

हे मान्य. ध्येयाची वाक्यरचना मीही बदलेन.

तीन_भाषा

इंदूरचा खास प्रश्न: घरी मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी, मोबाइलवर इंग्रजी बालगीतं. मूल तिन्हींतले तुकडे बोलतं. डॉक्टरांकडूनही सल्ला मिळतो, "एकच भाषा ठेवा, हिंदी ठेवा." मग आजी-आजोबा मोडक्या हिंदीत नातवाशी बोलत बसतात. हे बरोबर आहे का?

वाचा_आणि_श्रवण

नाही. दोन भाषांच्या घरात वाढल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते असं संशोधनात दिसलेलं नाही. घरची भाषा बंद केली तर तोटा मात्र दिसतो: आजी कमी बोलते, बोलते ते तोडकं बोलते, लाड-गाणी-रागावणं सगळं आटतं. मूल सुरासकट भाषा उचलणारं आहे, त्याला तर आजीची खरीखुरी मराठीच द्या.

फक्त एका कामाला एकच वाक्य ठेवा. पाण्यासाठी घरी "पाणी पाहिजे" आणि शाळेत "पानी चाहिए", हे ठीक. घरातच आई "पाणी पाहिजे", बाबा "पानी पियोगे", ताई "वॉटर?" असं नको. आणि शाळेला वहीचं शेवटचं पान द्या: "हा तुकडा म्हणाला की त्याचा अर्थ असा." हिंदीत लिहून. डाव्या बाजूला मुलाचे शब्द, उजवीकडे अर्थ, त्यापुढे बाईंनी काय करायचं. पंधरा ओळी पुरतात. दर दोन महिन्यांनी नवं पान, कारण तुकडे बदलतात.

कान्हाकाठ

इन्स्टाग्रामवर "गेस्टाल्ट" मुलांबद्दल फार दिसतंय. तुकड्यांत शिकणारी मुलं, सहा पायऱ्या वगैरे. ते हेच का?

चिमणघर

हो, तेच. बहुतेक मुलं शब्द शिकून वाक्य जुळवतात. काही मुलं अख्खं वाक्य एक शब्द असल्यासारखं घेतात आणि मग फोडतात. ॲन पीटर्स यांनी १९७७ मध्ये असं एक मूल वर्णिलं होतं, ते ऑटिझमचं नव्हतं. मार्ज ब्लँक यांनी २०१२ च्या पुस्तकात त्यावरून पायऱ्या मांडल्या: अख्खा तुकडा, तुकडे कापून जोडणं, सुटा शब्द आणि त्यांची नवी जोडी, मग व्याकरण.

मराठीत कापायला "चला" आणि "या" सोपे पडतात. "चला जेवू या", "चला खेळू या", "चला झोपू या": टोकं तीच, मधलं बदललेलं. एक दिवस मूल "चला पाऊस या" म्हणतं. व्याकरण चुकलं, पण ते वाक्य कुणाकडूनही ऐकलेलं नाही! ते त्याचं स्वतःचं आहे. त्या दिवशी दुरुस्ती करू नका, पावसात चला.

पायरीपायरीने

वर्णन म्हणून मला ते पटतं. पण त्या पायऱ्यांच्या क्रमानं उपचार केल्यास जास्त फायदा होतो, हे दाखवणारे नियंत्रित अभ्यास २०२४ मधल्या आढाव्यांत सापडले नाहीत. "आमचा पहिल्या पायरीवर आहे, म्हणून सुटे शब्द शिकवायचे नाहीत, चित्रं द्यायची नाहीत" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

चिमणघर

चित्रांबद्दल शंभर टक्के सहमत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप (चित्राला हात लावला की शब्द बोलून दाखवणारं) मोफत आहे, त्यात मराठी आहे. चित्रफलकानं बोलणं मागे पडत नाही. ज्या मुलाचं बोलणं ताणात असताना फक्त घोषणांवर येतं त्याला "कान दुखतो" दाखवायला एक चित्र लागतंच. घरी फलक करायचा तर जाड पुठ्ठा, पाच सेंटिमीटरचे फोटो, लॅमिनेशन आणि वेल्क्रो. इंटरनेटवरची गोंडस चित्रं नकोत, घरातल्याच पेल्याचा, घरातल्याच दाराचा फोटो. सुरुवातीला सहा फोटो. तीस लावले तर मूल फलक फक्त उचकटून खेळतं.

रामबाग_गल्ली_३

माझा प्रश्न थोडा वेगळा. भाचा प्रतिध्वनी करत नाही, स्वतःच प्रश्न विचारतो: "पप्पा कधी येणार?" दहा मिनिटांत वीस वेळा. उत्तर दिलं तरी परत. हे यातच येतं का?

चिमणघर

दादा, हे वेगळं. याला बहुतेक वेळा काळजी कारण असते, आणि कधी कधी हवं असतं ते ठरलेलं उत्तर, ठरलेल्या सुरात. "सांगितलं ना एकदा!" यानं काळजी वाढते आणि प्रश्नही वाढतो.

"सहा वाजता" हे उत्तर मुलाच्या हातात काहीच देत नाही. भिंतीवर पट्टी करा, वरून खाली: दूध, खेळ, आंघोळ, पप्पा. प्रत्येकाचा फोटो, झालं की उलटा करायचा. प्रश्न आला की एकदा तोंडी उत्तर, दुसऱ्यांदा पट्टीकडे बोट, तिसऱ्यांदा तुम्ही विचारा, "पप्पा कधी?" आणि त्याला दाखवू द्या. एका प्रश्नाला दोघांनी दोन उत्तरं देऊ नयेत. आजीनं "आत्ता येतील", आईनं "उशिरा" म्हटलं की सगळं विस्कटतं.

पप्पांना उशीर होतो, हे होणारच. म्हणून पट्टीत एक "बदल" नावाचं कार्ड पहिल्या दिवसापासून हवं, रंगीत. ते आधी चांगल्या बदलासाठी वापरा: आंघोळीच्या जागी अचानक आइस्क्रीम. नुसतं वाईट बातमीला वापरलं तर मूल कार्ड पाहिल्याबरोबर ओरडायला लागतं.

बालरोग_बियाबानी

वैद्यकीय बाजू थोडक्यात.

दीड-दोन वर्षांचं कोणतंही मूल परत परत म्हणतं, भाषा शिकण्याचा तो भाग आहे. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ते ओसरतं. एवढ्यावरून ऑटिझम ठरवू नये. सोबत नावाला प्रतिसाद नाही, बोट दाखवत नाही, दाखवायला वस्तू आणत नाही, असं असेल तर १६ ते ३० महिन्यांत एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता तपासणारी प्रश्नावली भरून घ्या. "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका.

येत असलेलं बोलणं गेलं, तर वाट पाहायची नाही. फिट येत नसली तरी ईईजीबद्दल (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाबद्दल) विचारा. आणि एखादा जुना तुकडा अचानक वाढला, रात्रीही सुरू झाला, तर आधी दात, कान, घसा, पोट बघा. "डॉक्टर काका सुई" असं दिवसभर म्हणणाऱ्या मुलाचा कान दुखत असू शकतो, कारण ते शब्द मागच्या वेळी दुखण्याच्या दिवशीच कानावर पडले होते.

ऑटिझमवर स्टेम सेल देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी ही पद्धत शिफारसयोग्य नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. लाखो रुपये जातात आणि तेवढ्यात थेरपीची दोन वर्षं.

तीन_भाषा

कागदपत्रांचं कुणी सांगेल का? अवांतर आहे, पण गरज सगळ्यांना.

बालरोग_बियाबानी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत, जिल्हा रुग्णालयाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारा. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची इसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात, ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की ऑटिझम धरतात. तिथे मूल पाठ केलेलं घडाघडा बोललं की "बोलतो की चांगला" असं होतं, म्हणून वहीची पानं सोबत न्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालं की निरामय या सरकारी आरोग्य विम्यात नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही येते. आणि स्पीच थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

पोहे_जिलबी

रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचं, काय करायचं? पाण्याचे टँकर, डीजे, गर्दी. मुलं दोन दिवस नुसती तेच आवाज काढत राहतात.

चिमणघर

नेऊ नका असं म्हणणार नाही. कान झाकणारे मफ आठवडाभर आधी घरात घालायची सवय करा, त्याच दिवशी दिले तर फेकतं. राजवाड्याच्या तोंडाशी नको, एखाद्या ओळखीच्या गच्चीवर, वीस मिनिटं. आदल्या दिवशी फोटो दाखवा. नंतर दोन दिवस तो आवाज काढतं आहे, तर काढू द्या. तो दिवस ते आपल्या पद्धतीनं जिरवतंय.

सुदामानगरची_मावशी

सगळ्यांचे आभार, सगळं उतरवून घेतलं. तिन्ही घरी वही सुरू करायला सांगितलं आहे. आता दोनच गोष्टी राहिल्या.

वर्गात शिकवणं चालू असताना मुलगी स्टेशनची घोषणा करते, बाकी मुलांचं लक्ष जातं. बाईंनी काय करायचं? आणि सणासुदीला घरी येणारा प्रत्येक पाहुणा वाकून विचारतो, "नाव काय तुझं?" मूल म्हणतं, "नाव काय तुझं?" सगळे हसतात, आई ओशाळते.

पायरीपायरीने

वर्गासाठी: घोषणा कधी वाढते ते बाईंनी तीन दिवस टिपावं. बहुतेक वेळा काम संपल्यावर, नाहीतर काम अवघड झाल्यावर. पहिल्यासाठी हातात पुढचं काम तयार, दुसऱ्यासाठी "मदत" लिहिलेलं कार्ड बाकावर चिकटवलेलं. "गप्प" म्हणण्याऐवजी आवाजाची पट्टी: लाल मोठा, पिवळा बोलण्याइतका, हिरवा कुजबुजीइतका. बाईंनी हिरव्यावर बोट ठेवायचं. कुजबुजत घोषणा केली तर चालू द्या. आणि मधल्या सुटीत दहा मिनिटं मोठ्यानं म्हणायची जागा ठरवून द्या, व्हरांड्याचं टोक वगैरे.

व्याकरणवेडा

पाहुण्यांना दारातच सांगून ठेवायचं, प्रश्न विचारू नका, आधी स्वतःचं नाव सांगा. "मी सुधाकाका." मग मुलाच्या छातीकडे हात करून, "आणि मी…" इथे थांबा. बाबांनी मागून हळूच नाव पुरवायचं. "मी" हा शब्द पाहुण्याच्याच तोंडून आला आहे, मूल तो उचलेल आणि तो बरोबर पडेल.

सुदामानगरची_मावशी

"आणि मी…" हे तर आत्ताच करून बघण्यासारखं आहे. गणपतीत घर भरलेलं असतं, तेव्हा दारातच एक पाटी लावू: "आधी तुमचं नाव सांगा."

वाचा_आणि_श्रवण

पाटी उत्तम. फक्त ताई, थांबल्यावर दहापर्यंत मोजायचं हेही त्यावर लिहा. पाहुणे तीनवरच "अरे सांग ना" म्हणतात.